बुडालेल्या कोळ्याचा स्वेटर

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी तीन छोटी बेटं आहेत. ॲरन बेटं. तिथल्या कोळ्यांच्या स्वेटरची एक गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल. प्रत्येक घराण्याची म्हणे स्वतःची वीण असायची. कुणाची दोरखंडासारखी, कुणाची चौकटीची, कुणाची मधमाशांच्या पोळ्याची. कोळी समुद्रात बुडाला, चार-सहा आठवड्यांनी प्रेत भलत्याच किनाऱ्याला लागलं, चेहरा ओळखू येईनासा झाला, तरी अंगातल्या स्वेटरची वीण बघून लोक सांगायचे, हा अमक्यांचा मुलगा. मग त्याला त्याच्या घरी पोचवायचे.

जबरी गोष्ट आहे. अंगावर काटा येतो. फक्त खरी नाही.

आता पुण्यात बसून मला या भानगडीत पडायची गरज काय, असं तुम्हाला वाटेल. तर कारण असं की मी टोप्या विणतो. (हो, विणतो. दोन सुयांवर. हसून घ्या, मी थांबतो.) कंपनीच्या बसमध्ये हिंजवडी ते कोथरूड दीड तास रोज मिळतो, त्यात लोक फोनवर सिरीयल बघतात, मी टाके मोजतो. दर डिसेंबरात आमच्या टीमला आणि पलीकडे बॉस्टनला बसणाऱ्या मंडळींना ख्रिसमसच्या सुट्टीआधी एकेक केबलची टोपी जाते. यंदा टीममधल्या एकाने आयडिया काढली की टोपीबरोबर एक सुंदर टॅग लावू, त्यावर ही कोळ्याची गोष्ट छापू. पलीकडच्यांपैकी दोघांची आडनावं अस्सल आयरिश, खूश होतील. टॅगचा मजकूर त्याने तयारही केला होता. मी नाही म्हणालो, तो म्हणाला, अरे पण का? त्या ‘का’चं उत्तर चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत देता येईना, म्हणून हा विकेंड.

आधी गोष्ट आली कुठून ते बघू. जॉन मिलिंग्टन सिंग नावाचा आयरिश नाटककार १८९८ साली पहिल्यांदा ॲरनला गेला आणि मग पुढची काही वर्षं जात राहिला. (सिंग म्हणजे आपला पंजाबी नव्हे, आडनावच तसं.) १९०४ साली त्याचं ‘रायडर्स टू द सी’ हे एकांकी नाटक रंगमंचावर आलं. त्यात बेटावरचा एक तरुण समुद्रात बुडतो, प्रेत लांब उत्तरेला डोनेगलच्या किनाऱ्याला सापडतं, आणि त्याचे कपडे ओळखण्यासाठी त्याच्या बहिणींकडे येतात. कपडे म्हणजे काय? एक शर्ट आणि एक मोजा. स्वेटर नाहीच! बरं, शर्टावरून काही ठरत नाही, कारण तसल्या कापडाचे तागेच्या तागे गॉलवेच्या दुकानांत पडलेले असतात, कुणाचाही असू शकतो. शेवटी धाकटी बहीण मोजा ओळखते, कारण तो तिने स्वतः विणलेला आहे. साठ टाके घातले होते, त्यातले चार गाळले होते, हे तिच्या डोक्यात पक्कं आहे. ती टाके मोजते आणि तिला कळतं.

म्हणजे नाटकात घराण्याची वीण वगैरे कुठेच नाही. साधा मोजा आहे, आणि एका बाईने लक्षात ठेवलेला आकडा आहे. मला विचाराल तर मूळ प्रसंग त्या दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त चटका लावणारा आहे. कारण ओळख पटते ती कुठल्या कुळाच्या चिन्हामुळे नाही, विणणारीच्या स्मरणशक्तीमुळे.

सिंगने बेटांवर पुस्तकही लिहिलं, १९०७ साली आलं. त्यात लोकांच्या कपड्यांचं वर्णन तपशिलात आहे: लोकरीच्या मूळ रंगाचं, निळीत रंगवलेलं आणि करड्या फ्लॅनेलचं कापड, बायकांचे लाल परकर, कच्च्या चामड्याच्या चपला. मोठ्या बेटावर बरेच तरुण हल्ली नेहमीची कोळ्यांची जर्सी घालायला लागलेत आणि मधल्या बेटावर आपल्याला तसली एकच दिसली, अशीही नोंद तो करतो. ‘नेहमीची’ हा शब्द महत्त्वाचा. ही जर्सी म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सगळीकडे चालणारा गडद निळा, घट्ट विणीचा स्वेटर. पांढऱ्याशुभ्र, वेण्यावेण्यांच्या स्वेटरचा पत्ताच नाही. १९३४ साली रॉबर्ट फ्लाहर्टीने ‘मॅन ऑफ ॲरन’ हा गाजलेला सिनेमा तिथे जाऊन काढला. तो बघा, त्यातही लाटांशी झुंजणारे पुरुष गडद, साध्या जर्सीत आहेत. सिनेमावाला माणूस, इतकी फोटोजेनिक वस्तू समोर असती तर सोडली असती का?

मग पांढरा स्वेटर आला कुठून? अंदाजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत, बेटावरच्या मोजक्या बायकांच्या डोक्यातून. पार्श्वभूमी गरिबीची. बेटांवर माती जवळजवळ नाही, नुसता चुनखडीचा खडक. लोक रेती आणि समुद्री शेवाळ खडकावर पसरून शेत ‘बनवायचे’, त्यात बटाटे. ब्रिटिश सरकारने १८९१ साली पश्चिम आयर्लंडच्या असल्या भागांसाठी एक बोर्ड काढलं, काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड. त्याने मासेमारीला आणि घरगुती उद्योगांना उत्तेजन दिलं. त्यातून बाहेरची माणसं आली, बाहेरच्या जर्सी आल्या. बेटावरच्या बायकांनी त्या बघितल्या, उचलल्या, आणि स्वतःची भर घातली. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या ॲलिस स्टारमोर हिने १९९७ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलंय. स्कॉटिश कोळी जर्सीत छातीपाशी नक्षीच्या उभ्या पट्ट्या असायच्या. ॲरनच्या बायकांनी जाड, न रंगवलेली लोकर घेतली आणि त्या पट्ट्या गळ्यापासून कमरेपर्यंत भरून काढल्या. एकीने केलं, दुसरीने तिच्यावर कडी केली. आपल्याकडे रांगोळीत चालतं तसं.

१९३० च्या डिसेंबरात म्युरिएल गॅहन नावाच्या बाईंनी डब्लिनमध्ये सेंट स्टीफन्स ग्रीनवर ‘द कंट्री शॉप’ काढलं, ग्रामीण कारागिरांचा माल विकायला. त्या दशकात पांढरे स्वेटर शहरात दिसायला लागले. आणि इथे आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस एंट्री घेतो.

हाइन्झ एडगर कीव. जर्मनीतून इंग्लंडला आलेला, कापडचोपडावर लिहिणारा, ऑक्सफर्डला लोकरीचं दुकान चालवणारा. १९३६ साली त्याने डब्लिनमध्ये असा एक स्वेटर विकत घेतला. पहिल्यांदा त्याला तो विचित्र आणि फळीसारखा कडक वाटला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘बुक ऑफ केल्स’ नावाची साधारण इसवी सन ८०० ची एक सचित्र हस्तलिखित पोथी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, तिच्यातल्या गुंफलेल्या वेलबुट्ट्या आणि या स्वेटरच्या वेण्या त्याला सारख्याच दिसल्या. झालं! पोथीतल्या एका आकृतीच्या अंगात त्याला ॲरनचा स्वेटरच दिसला. पुढे १९६७ साली त्याने ‘द सेक्रेड हिस्टरी ऑफ निटिंग’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात प्रत्येक विणीला धार्मिक अर्थ, सगळं हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचं. पुरावा? दोन चित्रं सारखी दिसतात हा पुरावा.

आपल्याला हा प्रकार नवीन नाही, नाही का? पुष्पक विमान आणि विमानतळ यांच्यात साम्य शोधणारे फॉरवर्ड्स आपल्या फॅमिली ग्रुपवर रोज येतात. कीवकाका त्याच कुळातले.

आता जरा तांत्रिक बोलू, कारण हा दावा विणकामाच्या बाजूनेही कोसळतो. केबल म्हणजे मुळात काय? सुईवर सहा टाके आहेत. पहिले तीन एका छोट्या तिसऱ्या सुईवर उचलायचे, कामाच्या पुढे लटकत ठेवायचे. आधी पुढचे तीन विणायचे, मग लटकलेले तीन. बस्स. टाक्यांचा क्रम बदलला, पीळ पडला. मात्र हा पीळ उठून दिसायला आजूबाजूला उलट टाक्यांची जमीन लागते, म्हणजे वेणी सुलट टाक्यांची आणि शेजारच्या खाचा उलट टाक्यांच्या. आणि गंमत अशी की उलट टाक्याचे हाती आलेले सगळ्यात जुने नमुने आहेत सोळाव्या शतकातले. फ्लॉरेन्सची डचेस एलेनोरा हिला १५६२ साली पुरलं तेव्हा तिच्या पायात जे रेशमी मोजे होते ते त्यातले प्रसिद्ध. सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे सगळ्यात जुने तुकडे इजिप्तमध्ये मिळाले, तेही केल्सच्या पोथीनंतरचे. म्हणजे लायब्ररीचं पहिलं व्हर्जन रिलीज व्हायच्या आधी तिच्यावर चालणारं ॲप लाँच झालं, असा हा दावा आहे.

हे सगळं शांतपणे, कागदोपत्री दाखवून दिलं ते रिचर्ड रट यांनी, १९८७ च्या ‘अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग’ या ग्रंथात. हे गृहस्थ कोण? लेस्टरचे बिशप! त्याआधी अनेक वर्षं कोरियात मिशनरी. विणकामाला ‘पवित्र’ ठरवणारा दुकानदार आणि ते पावित्र्य काढून घेणारा बिशप, असा उलटा सामना.

पण तोवर फार उशीर झाला होता. १९५० च्या दशकात फॅशनच्या मासिकांनी स्वेटर उचलला होता. १९६१ साली क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम ही आयरिश लोकगीतांची चौकडी अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये पांढरे ॲरन स्वेटर घालून गायली, आणि अमेरिकेत त्या स्वेटरची लाट आली. हे स्वेटर क्लॅन्सींच्या आईने पाठवले होते, न्यूयॉर्कला पोरं गारठत असतील म्हणून. (क्लॅन्सी टिपररी परगण्यातले. ॲरनशी संबंध शून्य. पण आई ती आई.) पुढे मागणी इतकी वाढली की बेटांवरच्या बायका पुरेनात, मुख्य भूमीवरच्या घराघरांत काम वाटलं जाऊ लागलं. एजंट लोकर आणून द्यायचा, तयार स्वेटर घेऊन जायचा, नगावर पैसे. आणि दुकानात त्याच स्वेटरला कार्ड लटकायचं: प्राचीन वीण, कुळाची खूण, बुडालेला कोळी. आज पर्यटकांना मिळणारे बहुतेक स्वेटर मशीनवर विणलेले असतात, कार्ड मात्र तेच. २०१९ च्या ‘नाइव्ह्ज आउट’मध्ये ख्रिस इव्हान्सने असला स्वेटर घातला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या पोरांनी तो ऑनलाइन शोधला होता, तेव्हाही वर्णनात हेच रामायण होतं.

टोपीचं काय? केबलची टोपी ही त्या स्वेटरचीच धाकटी बहीण. तिला कुठलाही जुना वंशवृक्ष नाही. पण विणलेल्या टोपीला मात्र खरा, भरभक्कम इतिहास आहे, आणि तो कुणी सांगत नाही! १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेच्या अवशेषांत विणलेल्या टोप्या मिळाल्यात. १५७१ साली इंग्लंडच्या संसदेने चक्क कायदा केला की सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडातच बनलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. सरदार-उमराव आणि बड्या घरच्या बायका अर्थातच सुटल्या. टोपी विणणाऱ्यांचा धंदा वाचवायला केलेला हा कायदा १५९७ मध्ये रद्द झाला. त्या काळी युरोपात विणकऱ्यांचे संघ असायचे ते पुरुषांचे, हे मला हसणाऱ्यांसाठी जाता जाता नमूद करतो :)

डिझाइनचं थोडं सांगतो, कारण आमच्या जमातीला यातच जास्त रस. साध्या विणीत माझ्या हाताने दहा सेंटिमीटरला २० टाके बसतात. केबल कापड आत ओढते, त्यामुळे केबलच्या विणीत तेवढ्याच जागेत साधारण साडेबावीस मावतात. म्हणून आधी केबलचाच छोटा चौकोन विणून मोजायचं, साध्या विणीचा मोजून चालत नाही. मोठ्या माणसाचं डोकं ५६ सेंटिमीटर धरलं तर टोपी ५० ची हवी, ताणून घट्ट बसते. एका आवर्तनात सहा सुलट, दोन उलट, असे आठ टाके. चौदा आवर्तनं म्हणजे ११२, बरोब्बर ५० सेंटिमीटर. कपाळावरची बॉर्डर एक सुलट एक उलट, ९८ टाक्यांची. बॉर्डर संपली की दर सात टाक्यांमागे एक वाढवायचा: ९८ चे ११२. दर आठव्या ओळीला पीळ. आणि डोक्यावर मिटवताना प्रत्येक आवर्तनात एकेक टाका कमी: ११२, ९८, ८४, ७०, ५६, ४२, २८, १४. उरलेल्या चौदांतून लोकर ओवून खेचली की टोपी बंद. आधी उलट टाके संपवायचे म्हणजे वेण्या टोकापर्यंत जाऊन एकमेकींत मिटतात. हे गणित जेव्हा पहिल्यांदा असं सुटलं ना, तेव्हा प्रॉडक्शनचा बग सापडल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

पिळाची दिशाही गमतीची. दर वेळी एकाच बाजूने पीळ दिला तर दोरखंड होतो. एकदा डावीकडून, पुढच्या वेळी उजवीकडून दिला तर वेणी नागमोडी जाते, पण गणिताच्या नजरेने पीळ पडलेलाच नसतो, दुसरा पहिल्याला सोडवतो. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली वेण्यांचं बीजगणितच मांडलं. ॲरनच्या बायका तेव्हा बहुधा तेच करत होत्या, पेपर न लिहिता.

‘शोध’ या शब्दाबद्दल विणकामातली थोर बाई एलिझाबेथ झिमरमन हिचं मत मला फार पटतं. जन्म इंग्लंडचा, संसार अमेरिकेत विस्कॉन्सिनला. टाक्यांची संख्या घेराच्या टक्केवारीत मांडायची पद्धत तिची, म्हणजे एकच पॅरामीटर द्या, अख्खा स्वेटर मोजून मिळतो. ही बाई म्हणायची की दोन काड्या आणि लोकर घेऊन आपण जे करतो ते कुणीतरी कधीतरी केलेलं असणारच, म्हणून ‘मी शोधलं’ म्हणू नये. तिने त्यासाठी स्वतःचा वेगळा शब्दच घडवला.

मग माझं भांडण कशाशी आहे? गोष्टीशी नाही. गोष्टीत कोण गायब होतं, त्याच्याशी.

माझी आजी नाशिकची. तिच्याकडे एक लांबट वही आहे, जुन्या डायरीची. त्यात उलटसाठी ‘उ’, सुलटसाठी ‘सु’, पिळासाठी फुली. सुया आठ नंबर, दहा नंबर, म्हणजे जुनी ब्रिटिश मापं, आपल्याकडे अजून चालतात. घरात आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो की आजीला विणायची फार आवड. मागच्या दिवाळीत मी वही घेऊन बसलो, तर मागच्या पानांवर वेगळंच काहीतरी. नावं, छातीची मापं, आणि समोर आकडे. बारा. पंधरा. अठरा. मी विचारलं, “आजी, हे काय गं?”

“शिलाई,” म्हणाली. मग हसली. “म्हणजे विणाई. बँक कॉलनीतल्या बायकांचे स्वेटर करायचे मी. दोन हिवाळे तुझ्या आत्याची फी त्यातनंच गेली.”

“आजोबांना माहीत होतं?”

“त्यांना माहीत होतं मला आवड आहे,” आजी म्हणाली.

ॲरनच्या बायकांचं मला हेच वाटतं. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी, खडकावर बटाटे पिकवणाऱ्या घरात बसून, चार पैसे मिळावेत म्हणून एक नवी वस्तू घडवली. अगदी नवी, आधुनिक, बाजारासाठी. त्यांनी एकमेकींच्या विणी बघितल्या, सुधारल्या, स्पर्धा केली. हे डिझायनरचं काम आहे. आणि दंतकथा काय सांगते? की हे सगळं हजार वर्षं आपोआप चालत आलं, कुळाचं होतं, साधूंच्या पोथीतलं होतं, समुद्रात मेलेल्या पुरुषाचं होतं. कुणाचंही होतं, फक्त विणणारीचं नव्हतं. कार्डामुळे स्वेटरची किंमत वाढली, आणि विणणारीला मिळायचे ते नगाचे पैसे.

टीममधल्या त्या मित्राला हे सगळं ऐकवल्यावर तो म्हणाला, “ठीक आहे रे, पण टॅगवर काहीतरी लिहावं तर लागेल ना.” मुद्दा रास्त होता. शेवटी त्याचा टॅगचा कागद वापरला, मजकूर मी दिला:

“वीण: नाशिकच्या आजीच्या वहीतून, पान ३१. तिने ती शेजारच्या बाईंच्या स्वेटरवरून उचलली, त्यांनी कुठून ते त्यांनाच ठाऊक. मूळ ॲरन बेटांवरच्या बायकांचं, विसावं शतक. ११२ टाके, एकही गाळलेला नाही. कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका.”